धुऱ्यावर जेवणारी माणसं

माझं माहेर आसेगावचं. आमच्याकडं माणूस गेला की त्याला जाळत, राख नदीत सोडत आणि घरी येऊन आंघोळी करत. सासर रिठदच्या पलीकडं, आणि तिथं पुरत. सोयरीक जुळवताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी वावर किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, मुलीला भाकर गोल येते का, मुलाला विडीचा नाद आहे का, इथपर्यंत सगळं विचारून घेतलं. मेल्यावर काय करता, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. लग्नाच्या बैठकीत तो प्रश्न शोभलाही नसता म्हणा. त्यामुळं मला ते लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला कळलं, तेही डोक्यावर टोपली घेऊन भर उन्हात शेताकडं चालताना.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांना जेवू घालायचं, एवढं मला माहीत होतं. माहेरी चुलीपुढं एक पान वाढत आणि सगळे पितर त्याच एका पानावर दाटीवाटीनं जेवून घेत असावेत, अशी आमची समजूत होती. सासरी पहाटेच चूल पेटली. पण स्वयंपाक बघावा तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एका वाटीत आंबाडीची भाजी, एका पानावर नुसता ठेचा, कुठं गुळाची पोळी, कुठं ताकातल्या कण्या, एका पुरचुंडीत तंबाखू आणि एका इवल्या वाटीत दूध-साखर. मला वाटलं, या घरात आजारी माणसं फार दिसतात, प्रत्येकाचं पथ्य वेगळं.

हा सगळा पसारा माझ्या आतेसासूंच्या हाताखाली चालला होता. सासऱ्यांची ही थोरली बहीण. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. माझी सासू मी येण्याआधीच गेलेली, त्यामुळं कोठीची किल्ली, दह्याचं विरजण आणि शेवटचा शब्द, तिन्ही आत्याबाईंच्या ताब्यात. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की वावराच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला बांधावर निजलेला गडी उठून कामाला लागे. त्या पुढं, मी मागं, आणि माझ्या मागं सासरे, आमचे हे आणि चुलत सासरे, अशी आमची वरात निघाली.

शेताच्या उगवतीच्या टोकाला थोरला धुरा. धुरा म्हणजे बांधच, पण हा चांगला रुंद होता आणि त्यावर नांगर जात नसे. दोन-तीन निंबाची झाडं आणि त्यांच्या सावलीत ओळीनं उभे केलेले दगड. दगड म्हणजे अगदी साधे, नाल्यातून उचलून आणलेले. त्यांवर नाव नाही, साल नाही, साधी चुन्याची रेघसुद्धा नाही. घराण्यातलं माणूस गेलं की त्याला इथं मूठमाती द्यायची, उशाशी एक दगड उभा करायचा आणि घरी जायचं. मी मनात म्हटलं, यातला कोण कुठला, हे यांना कळतं कसं.

ते आत्याबाईंना कळत होतं, आणि फक्त आत्याबाईंनाच. त्यांनी पळसाची पानं मांडली आणि टोपलीतून एकेक जिन्नस काढून ज्याचा त्याच्यापुढं ठेवत गेल्या. रीत अशी होती की जिवंतपणी ज्याला जे आवडे, ते त्याच्या दगडापुढं ठेवायचं. आमच्या घराण्याची वंशावळ कागदावर नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. आंबाडीवाला तो मूळ पुरुष, ज्यानं काटवन तोडून हे वावर काढलं. त्याच्या एका अंगाला गुळाची पोळी, दुसऱ्या अंगाला ठेचा, त्या त्याच्या दोन बायका. दोघींचं जन्मभर पटलं नाही, म्हणून त्याला मुद्दाम मध्ये ठेवलेलं. आत्याबाई म्हणत, जित्तेपणी हा कधी मध्ये पडला नाही, आता पडून राहा म्हणावं. पुढं दोन भाऊ होते, एका बैलावरून बोलणं टाकलेले. त्यांची पानं एकाच वेळी दोन हातांनी ठेवावी लागत. आधी एकाला वाढलं तर दुसरा रुसतो आणि त्या साली कापसाला बोंड धरत नाही, असं होतं. दूध-साखर एका लहानपणी गेलेल्या लेकराची. तंबाखू पणजोबांच्या एका चुलतभावाची. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, त्याच्याबद्दल कुणाला काही सांगण्यासारखं नव्हतं. तो तंबाखू खात असे, एवढंच काय ते त्याचं चरित्र.

शेवटचा दगड माझ्या सासूचा. तिच्यापुढं वांग्याचं भरीत ठेवलं, वरून कच्चं तेल. माझ्या सासूला मी कधी पाहिलं नाही, पण तिला भरितात कांदा कसा चिरलेला लागे, ते मला तिच्या लेकापेक्षा जास्त माहीत आहे.

मी नवी होते आणि तोंडाला अजून सासरची गाठ बसली नव्हती. सगळं वाढून झाल्यावर मी सहज विचारलं, "आत्याबाई, तुमची जागा कोणती?"

सासरे निंबाकडं बघू लागले. आमचे हे खोकले. चुलत सासऱ्यांनी मात्र मोठ्या समाधानानं उत्तर दिलं, जणू या प्रश्नाची ते वाटच बघत होते. या धुऱ्यावर लेकीला जागा नसते. लेक ज्या घरी दिली, त्या घरची माती. लेकीची माती माहेरात पडली तर वावर पिकत नाही. आत्याबाईंनी खाली वाकून एक पान नीट केलं आणि मला सांगितलं, माझी जागा जऊळक्याकडं. ते असं, की कुणाला आपण उद्या बाजाराला जाणार आहोत हे सांगावं.

जऊळक्याच्या बाजूला एका खेड्यात त्यांना दिलेलं होतं. परकर नेसायच्या वयात लग्न झालं आणि एक पावसाळा सासरी काढतात न काढतात तोच नवरा पटकीनं गेला. बाप गाडी घेऊन गेला आणि लेकीला घेऊन आला. आमच्यात पाट लागतो, त्यामुळं पुढं दोनदा स्थळ आणलं होतं. पहिल्या माणसाला त्यांनी परत पाठवलं, कारण तो जेवताना फार आवाज करी. दुसऱ्याला काय आवडतं म्हणून विचारलं, तर तो बिचारा म्हणाला, जे असेल ते चालतं. आत्याबाईंच्या दृष्टीनं याहून मोठं व्यंग नव्हतं. असा माणूस मेल्यावर ओळखायचा कसा, म्हणून त्यालाही नारळ दिला. त्यानंतर कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही, आणि चुलीपुढची जागा जन्माची त्यांची झाली.

चार-पाच वर्षांतून एकदा भाट यायचा. त्याच्याकडं मोठी पोथी, आणि तीत आमच्या घराण्याची वंशावळ. तो ओसरीवर बसून खड्या आवाजात वाचायचा आणि दर खेपेला आमचा मूळ पुरुष आणखी थोडा उत्तरेकडं सरकायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माळव्यात होता, माझ्या थोरल्याच्या बारशापर्यंत राजपुतान्यात पोचला आणि घोड्यावर बसला. पुरुषमंडळी मिशांवरून हात फिरवत ऐकत. आत्याबाई दाराआडून ऐकत. एकदा त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी विचारलं, यात बाया कुठं हायेत. भाट म्हणाला, वंशावळीत बाया लिहीत नाहीत, पुरुषाला पुरुष होतो. आत्याबाई म्हणाल्या, "मंग हे सगळे काय झाडाले लागले होते?" भाटानं पोथी बांधली. जाताना त्याला धान्य नेहमीइतकंच मिळालं, पण ते मोजून मिळालं.

मला त्यांनी कधी समोर बसवून काही शिकवलं नाही. दर अखाजीला मी त्यांच्याबरोबर रांधत गेले आणि त्या रांधता रांधता एकेकाला शिव्या घालत गेल्या, त्यातूनच मला माणसं कळली. ठेचेवालीचा ठेचा खलबत्त्यात कुटायचा, पाट्यावर वाटला तर तिला चालत नाही. कण्यावाल्याला ताक आंबट लागतं, तो स्वतःही तसाच होता. लढाईच्या दिवसांत साखर कंट्रोलात गेली, तेव्हा मी त्या लेकराच्या दुधात गूळ घालू का म्हणून विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, त्याला गुळानं दूध फाटलेलं आवडत नाही. जसं काही ते लेकरू आतल्या खोलीत रडत होतं. मग आमचे हे वाशीमला जाऊन कुठल्याशा दुकानदाराच्या हातापाया पडून मूठभर साखर घेऊन आले, आणि जिवंत माणसांनी त्या वर्षी गुळाचा चहा घेतला.

अशाच एका दुपारी आम्ही चिंचा फोडत बसलो होतो. आत्याबाईंचं वय झालं होतं. चिंचोके एकीकडं, गर एकीकडं, असं करता करता त्यांचे हात थांबले. मला वाटलं डोळा लागला. पण त्या जाग्या होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मले तिकडं कोन ओयखते?"

कुठं, ते मी विचारलं नाही.

"नवऱ्याचा चेहरा मले आठवत नाही. त्याले बी मी आठवनार नाही. त्याच्या बाजूले नेऊन ठेवतीन, तर आमची दोघाइची ओयख कोन करून देईन? आन् अखाजीले मले कोन वाढीन तिथं? हितं साऱ्याइले मी जेवू घातलं. तिकडं मी उपाशी राहीन."

हे बोलून त्यांनी पुढची चिंच उचलली. मीही एक चिंच उचलली. त्यांना रडणं आवडत नसे, चिंचेत पाणी जातं म्हणत. रात्री मी यांच्या कानावर घातलं. यांनी सासऱ्यांच्या कानावर घातलं. सासरे भले माणूस, पण भल्या माणसाची एक अडचण असते, त्याला कुणालाच दुखवायचं नसतं. धुरा एकट्या आमचा नव्हता, त्यात चुलत सासऱ्यांचाही निम्मा हक्क. सासऱ्यांनी त्यांच्यापाशी गोष्ट काढून बघितली. चुलत सासरे रीतीला फार जपणारे. स्वतःच्या धोतराचा सोगा त्यांना कधी नीट खोचता आला नाही, पण घराण्याची रीत इकडची तिकडं होऊ देत नसत. ते म्हणाले, आज लेक आली तर उद्या जावई येऊन निजंल. सासरे परत फिरले. घरी येऊन म्हणाले, रीत हाये, काय करतं. आत्याबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुढच्या अखाजीला त्यांनी शेवयाची खीर केली. खीर कुणाचीच नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, तू भाकरी थाप. कोठीतून एक हिरवा खण काढला, चार बांगड्या काढल्या आणि टोपलीत ठेवल्या. धुऱ्यावर गेलो. नेहमीप्रमाणं आंबाडी झाली, गूळ झाला, ठेचा झाला, दोघा भावांची पानं दोन हातांनी ठेवून झाली. मग आत्याबाई तंबाखूवाल्याच्या दगडापुढं आल्या, आणि तिथं त्यांनी खीर ठेवली. शेजारी खण. वर बांगड्या. दगडाला हळदकुंकू लावलं आणि पदर पसरून नमस्कार केला.

आम्ही सगळे त्या दगडाकडं बघत राहिलो. चुलत सासरे म्हणाले, बाई, इथं तर तंबाखू असते.

आत्याबाई म्हणाल्या, तंबाखूवाला पल्याड आहे, बांधाच्या खाली. त्याचा दगड कधीच वाहून गेला. आपण आजवर चुकत आलो. ही पणजोबाची बहीण. माहेरपणाला आली होती, इथंच गेली, आणि इथंच ठेवली. खीर फार आवडायची तिला.

चुलत सासऱ्यांना कावा कळायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, इतकी वर्षं हे कसं आठवलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, वय झालं, म्हातारपणी जुनंच आठवतं. ते म्हणाले, खरंच इथं लेक पुरलेली असेल तर आता कळलं या वावरात कापूस का होत नाही ते. आत्याबाई म्हणाल्या, कापूस तर तुमच्याही वावरात होत नाही, तिथं कोण पुरलंय. आमच्या ह्यांना हसू आवरेना, ते निंबामागं गेले.

चुलत सासरे चिडले. म्हणाले, बाई, तू मनचं सांगून राह्यली. तेव्हा आत्याबाईंनी टोपली उचलली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

"तुमी सांगा मंग," त्या म्हणाल्या. "एकेक दगड दाखवा आन् सांगा कोन हाये ते. तुमी म्हनान ते खरं."

चुलत सासऱ्यांनी ओळीवरून नजर फिरवली. आपला बाप त्यांना ओळखता आला. आजाही आला असावा. त्यापुढं नुसते नाल्यातले दगड होते. त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. सासऱ्यांचीही तीच गत. घराण्याचे दोन कर्ते पुरुष, आणि आपल्याच पणजोबाला ओळखायचं तर त्यांना एका म्हातारीला विचारावं लागत होतं, आणि ती म्हातारी तर धडधडीत खोटं बोलत होती. चुलत सासऱ्यांनी टोपली पायानं नाही, हातानंच, पण जरा जोरात बाजूला सारली आणि ऊन फार झालं म्हणून घराकडं निघाले.

पानं गोळा करायचं काम माझं. खिरीचं पान उचलायला वाकले, तर त्याच्या खाली, कुणाला दिसू नये अशी, तंबाखूची चिमूट होती. लेक उभी करायची म्हणून एका निपुत्रिक म्हाताऱ्याला उठवलं खरं, पण उपाशी ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी पान तसंच दुमडून ठेवलं. घरी येताना त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि आम्ही उन्हाबद्दल बोललो.

त्यानंतर दरवर्षी त्या दगडापुढं खीर आणि बांगड्या जात राहिल्या, आणि दरवर्षी खाली ती चिमूट. चुलत सासरे त्या वेळी मुद्दाम दुसरीकडं तोंड करून उभे राहत. सासरे ना हो म्हणत, ना नाही. आत्याबाईंनीही त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते, तर भावाचा शब्द मोडायचा कसा, ही त्यांना भीती. मला मात्र दिसत होतं, की त्या दगडापुढं वाकल्या की त्यांचे कान मागं भावाकडं लागलेले असत.

हरभरा सोंगणीला आला होता त्या दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं. ताप हटेना. वैद्यानं मान हलवली तसं सासऱ्यांनी रीतीप्रमाणं जऊळक्याकडं माणूस पाठवला. तो दुसऱ्या दिवशी परत आला. तिकडची माणसं चांगली होती. त्यांनी त्याला जेवू घातलं, बैलांना कडबा घातला आणि सांगितलं, खुशाल आणा, आमच्या घरची सून आहे, जागा आहे. फक्त जाताना त्यांनी विचारलं होतं, तिचं नाव काय म्हणालात. गड्यानं हे ओसरीवर सांगितलं. सासऱ्यांनी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि मग बराच वेळ ते गोठ्यात जाऊन बसले.

आत्याबाई दोन दिवसांनी सकाळी गेल्या. मला त्या माझ्या आईपेक्षा जवळच्या होत्या, आणि हे मी त्यांना कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांनी मला कुठलंतरी काम सांगितलं असतं. आम्ही बायकांनी त्यांना आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. बाहेर गाडी जुंपली होती. चुलत सासऱ्यांनी सगळी तयारी चोख केली होती. लांबचा पल्ला म्हणून बैलांसाठी कडबा बांधलेला, पाण्याची घागर बांधलेली, वाटेत सोबतीला चार माणसं सांगितलेली. रीतीच्या कामात ते कधी कमी पडत नसत.

गावाबाहेर नाला ओलांडला की रस्ता फुटतो. एक जऊळक्याकडं जातो, एक आमच्या वावराकडं. बायका तिथवरच जातात, म्हणून मी ते डोळ्यांनी पाहिलं. गाडी फाट्यावर आली आणि सासरे पुढं झाले, गाडीवानाच्या हातातून कासरा घेतला आणि बैल वावराकडं वळवले.

चुलत सासरे म्हणाले, हे कुठं?

सासरे मागं न बघता म्हणाले, "धुऱ्यावर. आमच्यात लेकीले ठेवतेत. पनजोबाची बहीन नाही का तिथं."

जन्मात खोटं न बोललेला माणूस. ते त्याला सफाईनं बोलताही आलं नाही, आवाज फाटला. बरोबर आलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. चुलत सासरे तिथंच उभे राहिले. त्यांनी गाडीकडं बघितलं, गाडीला बांधलेल्या त्या कडब्याकडं बघितलं, खांद्यावरचं उपरणं उगाच काढून पुन्हा टाकलं. मग ते झपाझप चालत गाडीच्या पुढं गेले आणि वावराच्या तोंडाशी लावलेलं काट्याचं झापं त्यांनी स्वतः बाजूला ओढलं. हाताला काटे लागले, ते नंतर मीच काढले.

त्यानंतरची अखाजी मी एकटीनं रांधली. पहाटे उठले आणि आंबाडीपासून सुरुवात केली. कुठं अडले नाही. ठेचा खलबत्त्यात कुटला, ताक आंबट घेतलं, दुधाला साखर, खीर, खिरीखालची चिमूट, सासूचं भरीत. सगळी टोपली भरली आणि मग माझ्या लक्षात आलं, की आत्याबाईंचं पान रिकामं आहे. त्यांना काय आवडे, ते मला माहीत नव्हतं.

मी यांना विचारलं. हे म्हणाले, आत्याला कढी फार आवडे. कढी यांना आवडते, आत्याबाई ती यांच्यासाठी करत. सासऱ्यांना विचारलं, ते लगेच म्हणाले पुरणपोळी, आणि म्हणता म्हणताच थांबले, कारण तीन-तीन पुरणपोळ्या कोण खात असे ते त्यांनाच आठवलं. चुलत सासऱ्यांच्या घरी माणूस धाडला, तर तिकडून निरोप आला, बाईच्या हातची चिंचोणी. हातची. मी माझ्या मनाशी पुष्कळ शोधलं. इतकी वर्षं एका चुलीपुढं काढली, पण त्या कधी आमच्याबरोबर जेवायला बसलेल्या मला आठवेनात. सगळ्यांचं झालं की त्या तव्याखालचा जाळ ओढून घेत आणि शेवटची भाकर, गार झालेली, एखादे वेळी निम्मी, जे कालवण उरलं असेल त्यात बुडवून भिंतीकडं तोंड करून खात. तेच उरलेलं त्यांना आवडत होतं, असं म्हणायला माझी जीभ धजेना. मला आमच्या सगळ्यांचा राग आला. सगळ्यांच्या जिभा ज्या बाईच्या डोक्यात होत्या, तिची जीभ कुणालाच ठाऊक नव्हती.

मी टोपलीत ज्वारीचं पीठ घेतलं, काटवट घेतली, तवा घेतला आणि लोण्याची वाटी घेतली. धुऱ्यावर पोचल्यावर कुणालाही पान वाढलं नाही. त्यांच्या नव्या दगडापुढं तीन ढेकळं मांडून चूल केली आणि तुराट्या पेटवल्या. वैशाखाचं ऊन, त्यात जाळ. सगळे घामाघूम होऊन बघत होते.

चुलत सासरे म्हणाले, हे काय नवीन.

मी म्हटलं, "आत्याबाईले तव्यावरची पयली भाकर आवडे. गरम."

त्या वर्षीचं सर्वांत मोठं खोटं ते. ओळीतल्या प्रत्येक जिवंत माणसाला माहीत होतं, की आत्याबाईंनी पहिली भाकर जन्मात कधी खाल्ली नव्हती. मी भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली, जाळावर धरली. सासरे चुलीजवळ येऊन उकिडवे बसले आणि त्यांनी एक तुराटी आत सारली. धुरानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर माझ्याकडं येत होता, त्यांच्याकडं नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "लय आवडे."

आता माझ्या सुना ते करतात. घरचं सगळं रांधून टोपलीत नेतात आणि धुऱ्यावर गेल्यावर आधी चूल मांडतात. नातवंडं विचारतात, हिचंच का इथं करायचं. सुना सांगतात, आत्याबाईंना गरम भाकर फार आवडायची, पहिल्यापासूनच. मी एक तुराटी आत सारते. आंबाडी, गूळ, ठेचा, भरीत, सगळं टोपलीत झाकलेलं असतं, आणि तिची भाकर फुगेपर्यंत आमचे सगळे पितर थांबतात.